हाताची दाढी

गुळगुळीतराव हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. दाढी उरकली की गिऱ्हाइकाच्या गालावरून बोटं उलटी फिरवत ते म्हणायचे, "बघा, गुळगुळीत." हे इतकी वर्षं चाललं की गिऱ्हाइकांनी तेच नाव त्यांना चिकटवून टाकलं. वस्तऱ्याचे तीन हात हा त्यांचा नेम: पहिला सुलटा, दुसरा आडवा, तिसरा उलटा. गल्लीतली बाकीची दुकानं दीड हातात मोकळी होतात आणि वर पावडर मारून पाप झाकतात, असं त्यांचं स्पष्ट मत होतं. हाताइतकंच त्यांचं तोंडही चालायचं. पोटात एक गोष्ट राहील तर शपथ. बायको म्हणायची, यांना काही सांगणं म्हणजे भर चौकात भोंगा लावणं.

असे हे गुळगुळीतराव त्या सकाळी मूत्रमार्गाची दुरुस्ती करणाऱ्या डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यात धाकट्याशेजारी बसले होते, आणि डोक्यात राख घालूनच बसले होते.

धाकटा म्हणजे त्यांचं दुसरं अपत्य. जन्मला तेव्हा दुसरीही मुलगीच, असं सगळ्यांनी म्हटलं. बोलायला लागल्यापासून तो मी मुलगा आहे म्हणत होता आणि घरचे ते हसण्यावारी नेत होते. तो मोठा झाला तसं हसणं आटलं. त्याने हार्मोनची इंजेक्शनं सुरू केली, आवाज फुटला, हनुवटीवर लव दिसायला लागली. तेव्हा गुळगुळीतरावांनी सांगून टाकलं की या घरात दोन मुली जन्मल्या आहेत, मुलगा कुणी नाही. धाकट्याने पिशवी उचलली आणि तो निघाला. लिफ्ट दुरुस्तीचं काम शिकला, भाड्याची खोली घेतली. आईला फोन करायचा, ताईला करायचा. बापाशी चार वर्षं एक अक्षर नाही.

मग एका संध्याकाळी, खुर्चीवरचं कापड झटकून गुळगुळीतराव दुकान बंद करायच्या बेतात असताना, तो दारात येऊन उभा राहिला. दाढी चांगली भरली होती. हे पहिलं बघितलं, धंदाच तो, आणि मग बघितलं की हा आपला आहे. धाकट्याने आत येऊन शर्टाची डावी बाही वर केली. उद्या दाखल व्हायचंय म्हणाला. या हाताची कातडी काढून त्याचं पुरुषाचं अंग घडवणार होते, लघवीची नळीसुद्धा त्याच कातडीची. हात स्वच्छ पाहिजे. तुम्ही करून द्याल का?

गुळगुळीतरावांना त्या वेळी शब्द सुचला नाही, यावरूनच काय ते समजा. त्यांनी टॉवेल गरम पाण्यात पिळून हातावर टाकला, साबणाचा फेस केला, नवं पातं घातलं. मनगटापासून कोपरापर्यंत, आतून आणि बाहेरून, तीन हात झाले, आणि मन भरेना म्हणून चौथा मारला. केस कुठे दाट होते, कुठे कसर लागलेल्या घोंगडीसारखे विरळ, पण असतात एकेकाचे तसे. वरून तुरटी फिरवली. "बघ, गुळगुळीत," ते म्हणाले, आणि धाकट्याने स्वतःची बोटं उलटी फिरवून बघितली आणि मान खाली घातली. गुळगुळीतरावांना वाटलं, पोराला भरून आलं. त्यांचं स्वतःचं तर केव्हाच आलं होतं.

त्या दिवसानंतर खुर्चीत बसलेल्या प्रत्येकाने ही गोष्ट ऐकली. काहींनी तर इतक्यांदा ऐकली की मधला एखादा भाग राहिला तर ते आठवण करून द्यायचे. गोष्टीचा शेवट ठरलेला होता: शहरात पन्नास दुकानं पडलीत, पण आमचा धाकटा आपल्या पायाने बापाकडे आला.

शस्त्रक्रिया झाली. घरी आई-बापाकडेच राहून धाकटा सुधारला आणि कामावर गेला. लिफ्टच्या कामावर दिवसभर अर्धवट इमारतींत हिंडायचं असतं. दुपारी सगळे जोडीदार आडोशाच्या भिंतीला रांगेने उभे राहतात, त्या रांगेत तो पहिल्यांदा उभा राहिला. हे त्याने बापाला सांगितलं नव्हतं, आईला सांगितलं होतं, आणि सांगताना पोर लहान मुलासारखं हसत होतं म्हणे. दोन वर्षं बरी गेली. मग धार बारीक व्हायला लागली. जोर करावा लागायचा, जळजळायचं, ताप यायचा. त्याने पाणी पिणं कमी केलं आणि कुणाला पत्ता लागू दिला नाही. शेवटी एका सकाळी लिफ्टच्या टपावर काम करतानाच लघवी पार तुंबली आणि जोडीदारांनी त्याला उचलून इस्पितळात नेलं. तिथे पोटातून थेट मूत्राशयात एक नळी घालून त्याची सुटका केली. ती नळी आणि तिची पिशवी आता शर्टाखाली बांधलेली होती, आणि पुढचं काय ते या डॉक्टरीणबाई ठरवणार होत्या.

बाकावर शेजारी बसलेल्या परक्या म्हाताऱ्याला गुळगुळीतरावांनी तोवर सगळी हकिकत ऐकवली होती. पहिल्या सर्जनने कसं पोराचं वाटोळं केलं आणि आपण त्याला कसं सोडणार नाही, तेही. धाकटा दोनदा बाही ओढून गप्प बसा म्हणाला. काही उपयोग झाला नाही.

डॉक्टरीणबाई ठेंगण्या, चष्मा कपाळावर ठेवून शोधणाऱ्या. त्यांनी धाकट्याला पडद्याआड निजवून बारीक दुर्बीण लघवीच्या नळीतून आत घातली. बाहेर बसलेल्या गुळगुळीतरावांना नुसते त्यांचे हुंकार ऐकू येत होते. थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, वडिलांनी चित्र बघितलेलं चालेल का? धाकटा म्हणाला, बघू देत.

दुर्बिणीला जोडलेल्या टीव्हीवर एक ओली, गुलाबी गुहा दिसत होती आणि तिच्या मधोमध मळकट पिवळा दगड. दगडातून काळे धागे बाहेर आले होते, भिंतीतूनही आले होते, पाण्यात हलत होते. गुळगुळीतरावांना काय दिसतंय हे कुणी सांगायची गरज नव्हती.

"केस आहेत," ते म्हणाले.

बाईंनी चिमट्याने त्यातले चार-दोन ओढून पांढऱ्या कापडावर ठेवले. चांगले लांब होते. गुळगुळीतराव खुर्चीवरून पुढे झुकले आणि तसेच राहिले. जन्मभर केस झाडले होते त्यांनी, डोक्याचे, दाढीचे, मिशीचे, कानातले. माणसाच्या आतून उगवलेला केस त्यांनी बघितला नव्हता.

बाईंनी शांतपणे समजावलं. हाताच्या कातडीची नळी वळतात तेव्हा केसांची बाजू आत जाते. कातडीला काय ठाऊक आपण आता कुठे आहोत ते, ती आपली केस उगवत राहते. त्यावर लघवीतले क्षार बसतात, खडा होतो, नळी बुजते. म्हणूनच शस्त्रक्रियेआधी कित्येक महिने एकेका केसाचं मूळ विजेने जाळून टाकायचं असतं. मग त्यांनी धाकट्याला विचारलं, तुमची सगळी सेशन झाली होती ना?

"झाली होती," धाकटा छताकडे बघत म्हणाला.

बाईंच्या कपाळाला आठी पडली. त्या म्हणाल्या, नवल आहे. त्या सर्जनला त्या ओळखत होत्या. हातावरून स्वतःची बोटं फिरवल्याशिवाय तो कुणाला टेबलावर घेत नसे.

इथे गुळगुळीतरावांचा धीर सुटला. पोराला कुणी खोटं पाडतंय असं त्यांना वाटलं, आणि उचलली जीभ लावली टाळ्याला.

"अहो, फिरवली असतील बोटं, पण लागणार काय त्याला? केस होतेच कुठे? आदल्या संध्याकाळी मी स्वतः याचा हात केलाय. सुलटा, आडवा, उलटा, आणि वर आणखी एक. माशी बसली असती तर घसरून पडली असती."

बाईंनी चिमटा ताटलीत ठेवला. त्यांनी गुळगुळीतरावांकडे बघितलं नाही, धाकट्याकडे बघितलं. धाकट्याने डोळे मिटून घेतले होते.

"काका," बाई म्हणाल्या, "वस्तऱ्याने केस कापला जातो. मूळ तिथंच राहतं."

हे गुळगुळीतरावांना सांगायचं? केस परत उगवतो म्हणून तर त्यांची चूल पेटत होती. परवा दाढी केलेलं गिऱ्हाईक आज परत खुर्चीत बसतं, त्यावर दोन मुलं वाढवली होती त्यांनी. त्यांनी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि तेव्हा कुठे ते वाक्य त्यांच्या आत पोचलं. सर्जनच्या बोटांना केस लागला नाही. कारण आदल्या संध्याकाळी कुणीतरी चार हात मारून तो हात आरशासारखा केला होता. त्यांचं उघडलेलं तोंड तसंच राहिलं. त्यांनी खुर्चीचा दांडा धरला.

मग धाकटा बोलला. आधी अडखळत, नंतर भराभर. लहानपणी आई आणि मावशी दर महिन्याला त्याला पार्लरमध्ये नेऊन हातावरचे केस काढायच्या. तो रडायचा आणि त्या म्हणायच्या, बघ आता कशी छान दिसतेस. हार्मोन सुरू झाल्यावर त्याच्या हातावर जे केस आले ते त्याने आरशात नाही, बसमध्ये दांडा धरलेला असताना बघितले, आणि बघण्याच्या नादात उतरायचं विसरून दोन थांबे पुढे गेला. वीज लावून केस जाळायची ती खोली तशीच होती. तसाच पडदा, तसाच हात लांब करून बसायचं, आणि मशीनवाली मुलगी म्हणायची, झाला बघा हात कसा मऊ. निम्मी सेशन झाली आणि मग त्याच्याने जाववेना. नंतर जाऊ, नंतर जाऊ करत राहिला. तेवढ्यात कुणाची तरी शस्त्रक्रिया रद्द झाली आणि त्याला अचानक जवळची तारीख मिळाली. खरं सांगितलं असतं तर तारीख गेली असती आणि पुन्हा दोन वर्षं थांबावं लागलं असतं. तो सगळं झालंय म्हणाला.

बाई रागावल्या नाहीत. त्या म्हणाल्या, हे आत्ता कळलं हे फार बरं झालं. नाहीतर त्या खडा काढणार होत्या, अरुंद जागा तेवढी दुरुस्त करणार होत्या, आणि उरलेली कातडी आत तशीच राहून वर्षाभरात पुन्हा तुंबली असती. आता बेत बदलला. नळी उभी उघडायची, केसाळ कातडी सगळी काढायची, गालाच्या आतलं अस्तर काढून तिथे लावायचं आणि सहा महिने उघडंच ठेवायचं. तोवर लघवी खाली नवी वाट करून तिथून, बसून. अस्तर नीट धरलं तर मग परत नळी बंद करायची. पण केस फार आतवर गेले असतील आणि चांगली जागाच उरली नसेल, तर ती खालची वाट कायमची. हे उघडल्याशिवाय सांगता येणार नव्हतं.

"माझा गाल घ्या," गुळगुळीतराव म्हणाले. इतका वेळ गप्प राहून ते एवढंच बोलले.

बाईंनी मान हलवली. दुसऱ्याचं अंग धरत नाही, बापाचंसुद्धा नाही.

बाहेर आल्यावर दोघं जिन्यापाशी थांबले. धाकट्याला पायऱ्या सावकाश उतराव्या लागत, नाहीतर पिशवीला हिसके बसायचे. गुळगुळीतराव कठड्याला टेकले. त्यांच्या डोक्यात एकच प्रश्न घोंघावत होता आणि त्याचं उत्तर नको होतं. तरी त्यांनी विचारलंच. तोंडच तसं त्यांचं.

"दाढी काय, कुणीही करून दिली असती. माझ्याकडे का आलास?"

धाकट्याने एक पायरी उतरून कठडा धरला. मग म्हणाला, "दुसऱ्या कुणी केली असती तर खुंट लागले असते सर्जनला. तुमच्या हाताला तोड नाही, बाबा. त्या दिवशी मी तुमच्या हातासाठी आलो होतो."

"आणि माझ्यासाठी?"

"नाही."

केसाने गळा कापणं हे गुळगुळीतरावांनी जन्मभर नुसतं ऐकलं होतं. त्यांना रागच आला पाहिजे होता, पण राग येण्याइतकी त्यांची मती ठिकाणावर नव्हती. ज्या संध्याकाळीवर त्यांनी गेली तीन वर्षं काढली, खुर्चीत बसणाऱ्या प्रत्येकाला जी वाटली, तिच्यात ते नव्हतेच. नुसता हात होता. एखाद्या चांगल्या अवजाराकडे यावं तसा पोरगा आला होता.

ते तीन पायऱ्या उतरले आणि पुन्हा थांबले. आता त्यांना आणखी काहीतरी दिसलं होतं.

"आज आईला सोडून मला कशाला आणलंस? तिला तर सगळं माहीत असणार."

धाकट्याने शर्ट पिशवीवर नीट ओढून घेतला. "आई बोलली नसती," तो म्हणाला. "मला डॉक्टरांना खरं सांगवत नव्हतं. तीनदा ठरवलं, तीनदा खोटं बोललो, आजसुद्धा बोललोच. तुम्ही आलात की तुमच्या तोंडून निघेल, हे मला माहीत होतं."

आधी हात आणि आता तोंड. गुळगुळीतराव मुलाकडे बघत राहिले. जिन्यावरून माणसं चढत होती, बाजूला व्हा म्हणत होती, त्यांना ऐकू येत नव्हतं.

दाखल व्हायच्या दिवसापर्यंत ते दुकानात गेले खरे, पण गिऱ्हाइकांना वाटलं बदली माणूस आला. हात चालायचा आणि तोंड बंद. एकाने जुनी गोष्ट आठवून विचारलं, काय म्हणतो धाकटा, आपल्या पायाने आला होता तो? तर त्याच्या हनुवटीला वस्तरा लागला. दुकानात रक्त निघालं, असं पहिल्यांदाच. गिऱ्हाईक बिचारं काही होत नाही म्हणत होतं आणि गुळगुळीतराव कापसाचा बोळा धरून त्या थेंबाकडे बघत बसले होते. घरी बायकोला त्यांनी विचारलं, तुला ठाऊक होतं? ती म्हणाली, सगळं नव्हतं, थोडं होतं. मग मला का नाही सांगितलं? यावर तिने नुसतं त्यांच्याकडे बघितलं, आणि भोंग्याची आठवण त्यांची त्यांनाच झाली.

मनात मात्र भाषणं चालू होती. पोराला काय काय ऐकवायचं ते ते दिवसभर घोळवत. की मी तुला त्या दिवशी काही विचारलं नाही, जेव्हा विचारायला पाहिजे होतं. की माझ्याच हाताने तुझं वाटोळं करवलंस. की हातच पाहिजे होता तर पाय कशाला धरायला लावलेस मला, कारण त्या संध्याकाळनंतर त्यांनी पोराची माफी मागितली होती, त्या चार वर्षांबद्दल, आणि ती मागताना रडले होते. हे शेवटचं त्यांना सगळ्यात लागलं होतं.

शस्त्रक्रियेच्या दिवशी बायको देवाचं नाव घेत बाकावर बसली आणि गुळगुळीतराव दाराजवळ उभे राहिले. बसवत नव्हतं. उघडल्यावर काय निघेल? पोरगा पुन्हा त्या रांगेत उभा राहील की कायमचा आडोसा शोधत फिरेल? आणि कायमचा म्हटलं तर ते कुणाच्या हाताने? एरवी असल्या वेळी त्यांनी शेजारच्या चार माणसांची विचारपूस केली असती. आज एक बाई स्वतःहून बोलायला आली तर त्यांना तिच्याकडे नीट बघताही आलं नाही.

डॉक्टरीणबाई बाहेर आल्या तेव्हा चष्मा कपाळावरच होता. केस सगळीकडे होते, त्या म्हणाल्या, वाटलं होतं त्याहून जास्त. ती कातडी सगळी काढली. पण खालचा थर चांगला निघाला. गालाचं अस्तर बसवलंय. धरलं तर सहा महिन्यांनी बंद करू. धरेल असं वाटतंय.

बायकोने तोंडाला पदर लावला. गुळगुळीतरावांनी हात जोडले आणि ते खाली आणायचे विसरले.

वॉर्डात एका वेळी एकालाच सोडत होते. बायको म्हणाली, तुम्ही जा. नर्सने बजावलं की पेशंटच्या तोंडात बोळे आहेत, गालात टाके आहेत, त्याला बोलायला लावू नका. धाकटा उताणा पडला होता. गाल सुजून वर आला होता, दाढी चिकटली होती. त्याने बापाला बघितलं आणि त्याच्या डोळ्यांत भीती दिसली. सरळ भीती, लहानपणी काही फोडलं की दिसायची तशी.

गुळगुळीतराव स्टूल ओढून बसले. घोळवलेलं सगळं भाषण तोंडाशी आलं. समोरचा उलट उत्तर देऊ शकत नाही, असा मोका त्यांना उभ्या आयुष्यात मिळाला नव्हता. त्यांनी घसा खाकरला.

"कशाला का होईना," ते म्हणाले, "आलास ना माझ्याकडे."

धाकटा हलला नाही.

"दोन्ही वेळा आलास." त्यांनी स्टूल आणखी जवळ ओढलं. "सहा महिन्यांनी परत ऑपरेशन आहे. तेव्हा माझं काय पाहिजे, हात की तोंड, ते आधी सांगून ठेव. मला हे असं मागाहून कळलेलं झेपत नाही आता."

बोळ्यांनी भरलेल्या तोंडातून कसलासा आवाज आला. हसू होतं की रडू, ते कळेना. धाकट्याने चादरीखालून हात बाहेर काढला आणि बापाचं मनगट धरलं, घट्ट, नखं रुतेपर्यंत. गुळगुळीतरावांना पुढे पुष्कळ बोलायचं होतं, पण पोराचे टाके दुखत असणार म्हणून ते गप्प बसले.